ओरिएंटेशन, परराज्यातील विद्यार्थ्यांचे (अमेरिका)

अमेरिकेतील महाविद्यालयांत व विद्यापीठांत प्रवेश निश्चित झाल्यावर आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी नव्या विद्यार्थ्यासाठी होणारा एक ते तीन दिवसांचा, बहुधा सक्तीचा कार्यक्रम म्हणजे ओरिएंटेशन. मराठी शैक्षणिक परिभाषेत त्याला ‘उद्बोधन वर्ग’ म्हणतात, पण त्या शब्दाने डोळ्यांपुढे येते ते सभागृह, दीपप्रज्वलन आणि प्राचार्यांचे भाषण. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत काम वेगळेच चालते. सल्लागाराला भेटायचे, पहिल्या सत्राचे विषय निवडून नोंदवायचे, ओळखपत्रासाठी फोटो काढायचा, लसीकरणाचे कागद तपासून घ्यायचे आणि एक रात्र वसतिगृहात झोपून पाहायची. विषयांची नोंदणी याच कार्यक्रमाला बांधलेली असल्याने तो चुकवण्याची सोय नसते. शेजारच्या गावातून मोटारीने येणाऱ्या मुलाला तो एका दिवसाचा फेरफटका वाटतो. दोन हजार किलोमीटरवरून येणाऱ्याला तोच कार्यक्रम विमानाची तिकिटे, हॉटेल आणि आईवडिलांच्या रजा मागतो.

‘परराज्यातील’ या शब्दाला तिकडे पैशांचा अर्थ आहे. सरकारी विद्यापीठे राज्याच्या करांतून चालतात, म्हणून राज्यातल्या रहिवाशाला एक दर आणि बाहेरच्याला दुसरा. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये चार वर्षांच्या सरकारी संस्थांतील सरासरी वार्षिक ट्यूशन आणि फी राज्यातल्यांसाठी ११,२६० डॉलर, तर परराज्यातल्यांसाठी २९,१५० डॉलर होती. राहणे-जेवणे वेगळे. खासगी विद्यापीठांत हा भेद नाही, तिथे सगळ्यांना एकच, आणि बहुधा याहून मोठा, आकडा. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. डोमिसाइलचा दाखला, राज्याचा ८५ टक्के आणि अखिल भारतीय १५ टक्के कोटा, हे वैद्यकीय प्रवेशाच्या निमित्ताने आपल्याकडे घरोघरी पाठ झालेले असते. आपण जागा वाटतो, अमेरिकन राज्ये प्रामुख्याने दर वाटतात. काही राज्ये दोन्ही करतात. नॉर्थ कॅरोलिनाने परराज्यातल्या नवागतांची संख्या १९८६ पासून १८ टक्क्यांवर रोखून धरली. उलट अलाबामा विद्यापीठात आणि व्हर्माँट विद्यापीठात पदवीचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी बाहेरचेच असतात.

रहिवासी कोणाला म्हणायचे, यावर खटले झाले. मिनेसोटाची एक वर्ष वास्तव्याची अट न्यायालयाने १९७१ मध्ये स्टार्न्स वि. माल्करसन खटल्यात ग्राह्य धरली. कनेक्टिकट त्याच्या पुढे गेले होते. प्रवेशाच्या वेळी जो बाहेरचा ठरला तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा त्या राज्याचा कायदा. व्लांडिस वि. क्लाइन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तो मोडीत काढला. वेगळा दर लावण्यास हरकत नाही, पण आपण आता इथलेच झालो हे सिद्ध करण्याची संधी विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे, असा निकाल होता. प्रत्यक्षात ते सिद्ध करणे सोपे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ ३६६ दिवसांचे वास्तव्य मागते, शिवाय केवळ शिकण्यासाठी आलेलो नाही आणि आईवडिलांच्या पैशांवर जगत नाही हेही दाखवावे लागते. गंमत अशी की मतदानाला हे निकष लागत नाहीत. टेक्सासच्या वॉलर काउंटीतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात, सिम वि. युनायटेड स्टेट्स या १९७९ च्या निकालानंतर विद्यार्थ्याला कॉलेजच्या गावी मत देण्याचा अधिकार पक्का झाला. एकाच मुलाला एकच राज्य मतपेटीपाशी आपला म्हणते आणि फीच्या खिडकीपाशी परका.

ओरिएंटेशनचा इतिहास या भांडणाहून जुना आहे. पहिला आखीव कार्यक्रम १८८८ मध्ये बोस्टन विद्यापीठात झाला असे सांगतात. ओरेगॉनमधल्या रीड कॉलेजने १९११ मध्ये नवागतांसाठी श्रेयांक देणारा अभ्यासक्रम सुरू केला, तर मेन विद्यापीठाने १९२३ मध्ये ‘फ्रेशमन वीक’. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या लोंढ्याने वर्ग भरले, तेव्हा एकेकाला हाताशी धरून विषय निवडून देणे अशक्य झाले आणि हे काम उन्हाळ्यात, तुकड्या-तुकड्यांनी उरकण्याची रीत पसरत गेली. १९७० मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात युद्धविरोधी दंगल झाली. अध्यक्ष थॉमस जोन्स यांनी त्यातून धडा घेऊन १९७२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा सत्रभर चालणारा परिचय-अभ्यासक्रम आणला. जॉन गार्डनर यांनी तो पुढे दशकानुदशके चालवला आणि देशभर नेला. दोन दिवसांच्या ओरिएंटेशनने मूल रुळत नाही, हे त्यामागचे गृहीत होते.

आज साधारण दोन टप्पे दिसतात. जून-जुलैमध्ये सल्ला आणि नोंदणीचा छोटा कार्यक्रम, मग ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर मौजमजेचा स्वागत-सप्ताह. पर्ड्यू विद्यापीठात दुसऱ्याचे नाव ‘बॉयलर गोल्ड रश’. पहिल्याची नावे अशी: जॉर्जिया टेकमध्ये ‘फॅसेट’, अलाबामात ‘बामा बाउंड’, ऑबर्नमध्ये ‘कॅम्प वॉर ईगल’. प्रत्येक विद्यापीठाची आपली घोषणा, आपले टोपणनाव आणि ते छापलेला टी-शर्ट. टेक्सास ए अँड एममध्ये तर नवागताला ‘फिश’च म्हणतात. तिथली ‘न्यू स्टुडंट कॉन्फरन्स’ सक्तीची असते आणि विषय त्यातच नोंदवले जातात. १९५४ पासून चालत आलेला ‘फिश कॅम्प’ मात्र ऐच्छिक असून त्याचे पैसे वेगळे. परराज्यातल्या कुटुंबाची पहिली गफलत इथे होते. कोणता कार्यक्रम सक्तीचा आणि कोणता हौसेचा, हे पत्रावरून लगेच कळत नाही, कारण दोन्हींची पत्रे सारख्याच उत्साहात लिहिलेली असतात.

खर्चाचा हिशेब दोन वेगळ्या पानांवर मांडावा लागतो. पहिल्या पानावर विद्यापीठाची फी. ती कधी स्वतंत्र ‘ओरिएंटेशन फी’ असते, कधी प्रवेशाच्या डिपॉझिटमध्ये मिसळलेली, कधी पहिल्या बिलात ‘नव्या विद्यार्थ्याचे एकवेळचे शुल्क’ म्हणून येते. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत हा आकडा १०० ते ४०० डॉलरच्या आसपास असतो. राज्यातला असो वा बाहेरचा, दोघांना तो सहसा सारखाच. अनेक ठिकाणी तो परत मिळत नाही, कार्यक्रमाला न गेलात तरी. पालक किंवा भावंडे बरोबर येणार असतील तर त्यांचे माणशी शुल्क, वसतिगृहातली रात्र, पार्किंग, हे आणखी. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना काही विद्यापीठे फी माफ करतात, पण अर्ज आपण होऊन करावा लागतो.

दुसरे पान विद्यापीठ छापत नाही. न्यू जर्सी हे विद्यार्थी बाहेर पाठवणारे राज्य म्हणून ओळखले जाते, आणि एडिसनच्या परिसरात मराठी घरेही पुष्कळ आहेत. तिथल्या एखाद्या कुटुंबातली मुलगी अलाबामातल्या ऑबर्नला निघाली असे धरू. विमान अटलांटाला उतरते, तिथून ऑबर्न सुमारे १६० किलोमीटर. म्हणजे भाड्याची गाडी किंवा शटल. आदल्या दिवशी पोहोचायला हवे, कारण हजेरी सकाळी लवकर. पालकांना गावात हॉटेल, आणि छोट्या कॉलेज-गावांत ओरिएंटेशनच्या आठवड्यात हॉटेलवाले भाव राखून असतात. सहा आठवड्यांनी हीच यात्रा पुन्हा, या वेळी सामानासकट. वसतिगृहातली गादी बहुधा ‘ट्विन एक्स-एल’, म्हणजे घरच्या एकेरी पलंगाहून पाच इंच लांब, त्यामुळे घरची चादर पुरत नाही, हा शोधही बऱ्याच जणांना तिथे पोहोचल्यावरच लागतो. फीच्या पानावर समानता, प्रवासाच्या पानावर अंतर, असा हा व्यवहार आहे. समान फी म्हणून तो न्याय्य आहे असे विद्यापीठे सांगतात. ते अर्धेच खरे.

तारखेची निवड हा तिसरा, न दिसणारा खर्च. उन्हाळ्यात ओरिएंटेशनची अनेक सत्रे होतात आणि जो आधी येतो तो आधी विषय नोंदवतो. काही विद्यापीठे प्रत्येक सत्रासाठी जागा राखून ठेवतात, सगळी नाही. सोयीचे तिकीट मिळाले म्हणून ऑगस्टमधले शेवटचे सत्र घेणाऱ्या मुलाच्या वाट्याला सकाळी आठचा रसायनशास्त्राचा वर्ग येतो.

आवश्यक कागदांची यादी राज्यागणिक बदलते. शाळेचे अंतिम गुणपत्रक, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांचा पुरावा, गणिताची पातळी ठरवणारी ऑनलाइन चाचणी, आणि २०१३ च्या संघराज्य कायद्यानुसार लैंगिक हिंसाचार प्रतिबंधाचे प्रशिक्षण, एवढे जवळपास सगळीकडे. यातले काही राहिले की खात्यावर ‘होल्ड’ बसतो. होल्ड म्हणजे नोंदणीला लावलेले कुलूप, ते निघेपर्यंत संगणक विषय घेऊ देत नाही. परराज्यातल्या मुलाला याचा फटका अधिक बसतो, कारण ओरिएंटेशनच्या दिवशी कागद अपुरा निघाला तर ‘उद्या आणून देतो’ म्हणता येत नाही.

टेक्सासची लस हे याचे ठळक उदाहरण. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील जेमी शॅनबॉम हिला २००८ मध्ये मेंदुज्वर झाला, पाय आणि हाताची बोटे गमवावी लागली. तिच्या कुटुंबाच्या पाठपुराव्यामुळे २००९ मध्ये वसतिगृहात राहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना मेंदुज्वराची लस सक्तीची झाली. पण ए अँड एममधला निकोलिस विल्यम्स वसतिगृहाबाहेर राहत होता, त्याला कायदा लागू नव्हता. २०११ च्या फेब्रुवारीत तो याच रोगाने गेला. त्याच वर्षी कायदा सुधारला, दोघांची नावे त्याला दिली गेली आणि जानेवारी २०१२ पासून तो वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांनाही लागू झाला. पुढे या सक्तीची वयोमर्यादा २२ वर आणली. लस गेल्या पाच वर्षांतली हवी आणि शैक्षणिक सत्र सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरला हा दहा दिवसांचा नियम ठाऊक असेलच असे नाही.

आरोग्य विम्याचा पेच त्याच जातीचा. २०१० च्या कायद्यामुळे मूल २६ वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू शकते, पण विमा कंपनीच्या यादीतले दवाखाने बऱ्याचदा घराजवळचेच असतात. गरिबांसाठीचा मेडिकेड तर राज्याचा, सीमेपलीकडे तो बहुतेक तातडीच्या उपचारांपुरताच चालतो. दुसरीकडे अनेक विद्यापीठे आपला विमा बिलात आपोआप घालतात आणि तो नको असेल तर ठरलेल्या मुदतीत नकार कळवावा लागतो. हा नकार-अर्ज विसरलेल्या पालकांना ओरिएंटेशनच्या फीपेक्षा कितीतरी मोठा भुर्दंड बसतो.

पालकांसाठी वेगळे सत्र ठेवण्याची पद्धत आता रूढ आहे आणि त्यात एक क्षण हमखास शांततेचा येतो. १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्याने महाविद्यालयात गेलेल्या मुलाचे गुण हे त्याचे स्वतःचे. पैसे भरणारे बाबा निकाल विचारू शकतात, पण कार्यालयावर तो सांगण्याचे बंधन नाही, मुलाने लेखी संमती दिली तरच काम सोपे होते. भारतातून आलेल्या पालकांना हे पचायला वेळ लागतो.

भारतातून थेट जाणारा, एफ-१ या विद्यार्थी-व्हिसाचा धारक हा हिशेबापुरता सर्वांत लांबचा परराज्यवासी. दर बहुधा बाहेरच्यांचाच, वर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीची ३५० डॉलर फी. विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावरच्या अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी त्याला त्या व्हिसावर देशात उतरता येत नाही, म्हणून जूनची सत्रे त्याच्या कामाची नसतात. त्याच्यासाठी ऑगस्टमध्ये वेगळे ओरिएंटेशन होते आणि तिथली हजेरी व्हिसाशी जोडलेली असते. वसतिगृह ठरलेल्या दिवसाआधी उघडून घ्यायचे तर रात्रीगणिक पैसे.

दर कमी करण्याच्या वाटा आहेत, आणि ओरिएंटेशनपर्यंत थांबलात तर त्या बंद झालेल्या असतात. पश्चिमेकडील राज्यांच्या ‘डब्ल्यूयूई’ या देवघेव योजनेत रहिवासी दराच्या जास्तीत जास्त दीडपट पैसे पडतात. न्यू इंग्लंडची अशी योजना १९५७ पासून आहे, दक्षिणेकडील राज्यांची ‘अकॅडमिक कॉमन मार्केट’ ठरावीक विषयांपुरती. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांचा परस्पर करार आहे. टेक्सासमध्ये किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तर बाहेरच्या मुलाला राज्याचा दर लागू होऊ शकतो.

ओरिएंटेशनचे ओझे कमी करणे विद्यापीठांनाही अशक्य नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने उन्हाळ्यातले ‘कॅलसो’ हे ओरिएंटेशन बंद करून २०१७ पासून ‘गोल्डन बेअर ओरिएंटेशन’ ऑगस्टमध्येच, मुले राहायला आल्यावर ठेवले, त्यामुळे एक फेरी वाचली. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, सल्ला आणि नोंदणी दोन्ही पडद्यावर झाली आणि विद्यापीठे काही कोसळली नाहीत. तरीही अनेकांनी नंतर प्रत्यक्ष हजेरीची सक्ती परत आणली. ओळखी समोरासमोरच होतात, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्या ऑगस्टमध्येही होतात.

डिपॉझिटची रूढ तारीख १ मे. ते भरल्यावर लगेच ओरिएंटेशन कार्यालयाला चार प्रश्न लेखी विचारावेत: परराज्यातल्यांसाठी ऑनलाइन सत्र आहे का, फी माफीचा अर्ज कुठे मिळतो, तारीख बदलायची शेवटची मुदत कोणती, आणि वर्ग सुरू होण्याच्या आठवड्याला जोडून एखादे सत्र आहे का. चौथ्याचे उत्तर ‘हो’ आले आणि हवे ते विषय तोवर उरणार असतील, तर जूनचे तिकीट काढू नये.