'मरे', 'दमरे' आणि 'दपूमरे': एकाच चंद्रपूर जिल्ह्यात तीन रेल्वे कशा काय?

ऊर्जानगरमधून कुणी रेल्वेने बाहेरगावी निघालं की पहिला प्रश्न गाडीचा नसतो, स्टेशनचा असतो. चंद्रपूर की चांदा फोर्ट? वर्धा-नागपूरकडे जायचं तर चंद्रपूर. मूल, नागभीड, वडसा, गोंदियाकडे जायचं तर चांदा फोर्ट. आणि या दोन्हींवर सोयीची गाडी नसेल तर सरळ बल्लारशाह गाठायचं.

शहर एक आणि स्टेशनं दोन, हे मोठ्या शहरांत नवीन नाही. पण चंद्रपूरची ही दोन स्टेशनं एका रेल्वेची नाहीतच. चंद्रपूर स्टेशन मध्य रेल्वेचं, म्हणजे पेपरवाल्यांच्या भाषेत 'मरे'चं. चांदा फोर्ट दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, म्हणजे 'दपूमरे'चं. बल्लारशाहवरून वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुरा तालुक्यात शिरलात की माणिकगड आणि विरूर ही स्टेशनं लागतात. ती दक्षिण मध्य रेल्वेची, 'दमरे'ची. एकाची कचेरी मुंबईत, दुसऱ्याची बिलासपूरला, तिसऱ्याची सिकंदराबादला.

हे कुणी नकाशावर पट्टी ठेवून ठरवलेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे तीन वेगवेगळ्या कंपन्या तीन दिशांनी रूळ घेऊन आल्या. त्या कंपन्या गेल्या, त्यांची नावं गेली, विलीनीकरण झालं, परत तुकडे पडले. त्यांच्या हद्दी मात्र जवळपास जिथल्या तिथे राहिल्या.

पहिली कंपनी: जीआयपी

बोरीबंदर ते ठाणे ही १६ एप्रिल १८५३ ची गाडी शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. ती चालवणारी कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. पेनिन्शुला म्हणजे द्वीपकल्प. १८४९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून ही कंपनी उभी केली, तेव्हा तिच्याकडे एक मैलही रूळ नव्हता. तरी नाव अख्ख्या भारतीय द्वीपकल्पाचं, वर 'ग्रेट'सुद्धा! त्या काळात इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्यांना 'ग्रेट' लावायची फॅशनच होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वे हे त्यातलं गाजलेलं नाव.

जीआयपी १८६७ मध्ये नागपूरला पोचली. चंद्रपूरच्या बाजूला मात्र रूळ आला तो कोळशामुळे. वरोऱ्याला कोळसा सापडला होता आणि तो वर्ध्याच्या मुख्य मार्गापर्यंत न्यायचा होता. १८७० च्या दशकात वर्धा ते वरोरा हा सरकारी मार्ग तयार झाला. त्याचं नाव वर्धा कोल स्टेट रेल्वे. रेल्वेच्या नावातच 'कोल', म्हणजे कुणासाठी आणि कशासाठी हा प्रश्नच नको. हा मार्ग पुढे जीआयपीच्या पंखाखाली गेला आणि नंतर चंद्रपूर, बल्लारशाहपर्यंत वाढला. आज ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्रामुळे कोळशाच्या वॅगन हे इथलं रोजचं दृश्य आहे. या भागातल्या पहिल्या रेल्वेचं कामही तेच होतं.

दुसरी कंपनी: एनजीएसआर

वर्धा नदीच्या पलीकडे तेव्हा इंग्रजांचं राज्य नव्हतं. अलीकडे मध्य प्रांत आणि पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. राजुरा हा हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता.

निजामाच्या रेल्वेचं पूर्ण नाव 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. यातला 'गॅरंटीड' शब्द वाचून गाडी वेळेवर येण्याची हमी वगैरे वाटेल, तर तसं काही नाही. हमी प्रवाशाला नव्हती, लंडनच्या गुंतवणूकदाराला होती. १८८३ मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली. तिच्यात पैसे घालणाऱ्यांना ठरावीक व्याज मिळेल आणि नफा कमी पडला तर फरक निजाम सरकारच्या तिजोरीतून भरला जाईल, असा करार होता. अशी हमी जीआयपीलाही होती, ५ टक्क्यांची, आणि तिचा भार इथल्या करदात्यांवर होता. फक्त जीआयपीने ती नावात मिरवली नाही.

१ एप्रिल १९३० ला निजाम सरकारने ही रेल्वे स्वतःच्या ताब्यात घेतली. कंपनी गेली, हमी संपली, आणि नावातलं 'जी' अक्षरही गळालं. उरलं ते 'निजाम्स स्टेट रेल्वे'. एका अक्षरात एवढा मोठा व्यवहार मावल्याचं दुसरं उदाहरण भारतीय रेल्वेत क्वचितच सापडेल.

त्याआधी वर्षभर, १९२९ मध्ये, काझीपेठ ते बल्लारशाह हा दुवा पूर्ण झाला होता. दिल्ली आणि मद्रास थेट जोडले गेले ते या मार्गाने, आणि ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस म्हणजे आपली 'जीटी' तेव्हापासूनची. उत्तरेकडून जीआयपीचा रूळ, दक्षिणेकडून निजामाचा, दोघांची गाठ बल्लारशाहला. बल्लारशाह एवढं मोठं जंक्शन का, याचं उत्तर यातच आहे. ते दोन राज्यांच्या सीमेवरचं स्टेशन होतं.

तिसरी कंपनी: बीएनआर

बंगाल नागपूर रेल्वे १८८७ ची. तिने आधीची नागपूर-छत्तीसगड रेल्वे ताब्यात घेतली, तिचे मीटरगेज रूळ ब्रॉडगेज केले आणि बंगालच्या दिशेने मार्ग वाढवला. नाव म्हणजे दोन टोकांचा पत्ता, बस. उशिरा येणाऱ्या गाड्यांमुळे लोकांनी या तीन अक्षरांचा अर्थ 'बी नेव्हर रेग्युलर', म्हणजे 'कधीच वेळेवर येऊ नका' असा लावला होता, हा किस्सा रेल्वेप्रेमींमध्ये अजून सांगितला जातो.

या कंपनीने गोंदियाहून जंगलातून एक नॅरोगेज फाटा काढला. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत १९१३ पर्यंत तो चांद्याला आला. जीआयपीच्या रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर आणि या फाट्याचं ७६२. म्हणजे निम्म्याहून कमी. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळावर चढणंच शक्य नव्हतं, आणि व्यवहारही वेगळे. मग स्टेशन एक असण्याचं कारण काय? बीएनआरने आपलं वेगळं स्टेशन बांधलं. तेच चांदा फोर्ट.

शहराचं नाव १९६४ च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं. या स्टेशनच्या पाटीवर मात्र चांदा तसंच राहिलं. एवढंच काय, 'मरे'च्या चंद्रपूर स्टेशनचा तिकिटावरचा कोडही अजून 'सीडी' आहे. तो चंद्रपूरचा नाही, चांद्याचा. बल्लारशाहचा कोड 'बीपीक्यू'. त्यात 'शाह'चं एकही अक्षर नाही. तिकीट काढताना चंद्रपूर शोधणाऱ्या नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे.

१९५१: नावांची साफसफाई

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात कंपन्यांच्या, सरकारी आणि संस्थानिकांच्या मिळून चाळीसहून अधिक रेल्वे होत्या. १९५१-५२ मध्ये त्यांचे सहा विभाग केले गेले आणि नावं ठेवली गेली दिशांची. दक्षिण, मध्य, पश्चिम, उत्तर, पूर्व, पूर्वोत्तर.

अमेरिकेत असं झालं नाही. तिथे कंपन्या एक झाल्या की नावंही एकमेकांना चिकटतात. 'बीएनएसएफ' म्हणजे बर्लिंग्टन नॉर्दर्न आणि सांता फे, १९९५ चं लग्न. 'सीएसएक्स'मध्ये 'सी' चेसीचा, 'एस' सीबोर्डचा, आणि 'एक्स' म्हणजे एकत्र आल्यावर ताकद वाढली एवढंच सांगणारं अक्षर. इंग्रजांच्या काळात आपल्याकडेही हीच पद्धत होती. १९०८ मध्ये मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे एक झाल्या आणि नाव पडलं 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे'. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग यांचा. बेळगाव, धारवाड, कोल्हापूरच्या पट्ट्याला इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत, त्यावरून हे नाव. भारतातल्या एका मोठ्या रेल्वेच्या नावात 'मराठा' शब्द होता, हे आज फारसं कुणाला माहीत नसतं. १९५१ मध्ये ती दक्षिण रेल्वेत गेली आणि शब्दही गेला.

दिशेची नावं ठेवण्यात शहाणपण होतं. 'निजाम', 'बॉम्बे बडोदा', 'शिंदे', 'धोलपूर' अशी मालकांची आणि संस्थानांची नावं नव्या देशाच्या एका रेल्वेवर ठेवणं कठीणच होतं. पण दिशेच्या नावात माहिती नसते. 'जीआयपी' किंवा 'बीएनआर' म्हटलं की रूळ कुणी टाकला ते कळायचं. 'मध्य' म्हटल्यावर काय कळतं? मध्य रेल्वेची कचेरी तर समुद्रकाठी आहे.

५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे तयार झाली तेव्हा तिच्यात जीआयपी आणि निजामाची रेल्वे दोन्ही होत्या. म्हणजे बल्लारशाहची हद्द पुसली गेली. नदीच्या अलीकडे 'मरे' आणि पलीकडेही 'मरे'च.

ही अवस्था १५ वर्षं टिकली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली. दक्षिण रेल्वेचे हुबळी आणि विजयवाडा विभाग, मध्य रेल्वेचे सोलापूर आणि सिकंदराबाद विभाग घेऊन ती बनवली, त्यामुळे 'दक्षिण मध्य' हे नाव दोन्ही अर्थांनी बसतं. सोलापूर १९७७ मध्ये 'मरे'कडे परत आलं. सिकंदराबाद आलं नाही. त्याच्याबरोबर बल्लारशाहच्या दक्षिणेचा मार्ग गेला आणि पुसलेली हद्द जुन्याच जागी परत उमटली.

यातली गंमत अशी की तोवर राज्याची सीमा कधीच हलली होती. राजुरा तालुका हैदराबाद संस्थान मोडल्यावर आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला होता. तालुका महाराष्ट्रात आला, पण त्याची रेल्वे सिकंदराबादकडेच. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या मराठवाड्याच्या पट्ट्याचंही तेच. निजामाच्या काळातला मार्ग, म्हणून आजही 'दमरे'.

चांदा फोर्टच्या रुळांचा प्रवास त्याहून लांब. बीएनआर १९४४ मध्ये सरकारकडे आली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि २००३ मध्ये बिलासपूर, नागपूर आणि नवा रायपूर असे विभाग घेऊन दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली. एकाच रुळावर चार पाट्या. दरम्यान १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. दोन स्टेशनं असण्याचं तांत्रिक कारण तिथेच संपलं. स्टेशनं दोनच राहिली.

मग सामान्य माणसाला फरक काय पडतो?

तक्रारीपुरता म्हणाल तर फारसा नाही. १३९ हा क्रमांक सगळीकडे एकच. फरक पडतो तो मागणी करताना. नवी गाडी, थांबा, वेळेत बदल, प्लॅटफॉर्मची उंची या गोष्टी विभागीय कार्यालयातून वर सरकतात. वरोऱ्याच्या माणसाला त्यासाठी मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात जावं लागतं. मूलच्या माणसालाही नागपूर विभागातच, पण तो 'दपूमरे'चा. होय, एकाच नागपुरात दोन नागपूर विभाग आहेत, कारण जीआयपी आणि बीएनआर तिथेही समोरासमोर भेटल्या होत्या. विरूरच्या माणसाने जायचं सिकंदराबादला. जिल्हाधिकारी एक, आणि रेल्वेचे साहेब तीन. एखादी गाडी हद्द ओलांडून पुढे वाढवायची तर दोन रेल्वेंचं जुळावं लागतं, आणि प्रत्येकीच्या वेळापत्रकात हा भाग आपल्या हद्दीचं शेवटचं टोक असतो. टोकाच्या गावाकडे घरधनी किती लक्ष देतो, हे सांगायला नको.

आद्याक्षरांच्या बाबतीत मराठी-हिंदीने इंग्रजीवर मात केलेली आहे, हेही सांगायला हवं. इंग्रजीत 'ईस्ट सेंट्रल' आणि 'ईस्ट कोस्ट' दोन्ही 'ईसीआर' होतात, म्हणून ईस्ट कोस्टमध्ये एक छोटा 'ओ' घुसवावा लागला. देवनागरीत 'पूमरे' आणि 'पूतरे', विषय संपला. डब्यांवर आणि वॅगनवर मालक रेल्वेची ही अक्षरं असतात. मात्र वॅगन देशभर फिरतात, त्यामुळे अक्षरं पाहून कोळसा कुठल्या खाणीतला ते कळत नाही. 'मरे' या संक्षेपावर मुंबईकरांनी केलेले विनोद वेगळेच. मथळे देणाऱ्यांना पावसाळ्यात ते आयतेच मिळतात.

जुनी नावं लोकांच्या तोंडातून मात्र सहज जात नाहीत. पुरी आणि रांचीतल्या जुन्या रेल्वे हॉटेलांना आजही बीएनआर म्हणतात. ऊर्जानगरला हे वेगळं सांगायला नको. २००५ मध्ये वीज मंडळाचे भाग पडून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या, तरी जुनी माणसं अजून 'बोर्डात होतो' असंच म्हणतात.

आणि गडचिरोली? १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वे आली ती वडसा म्हणजे देसाईगंज स्टेशनपुरती. तेही बीएनआरच्या जंगलातल्या नॅरोगेजमुळे. जिल्ह्याच्या मुख्यालयात आजवर रूळ नव्हता. वडसा-गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा मार्ग आता बांधला जातो आहे. तो फुटतो 'दपूमरे'च्या वडशातून, ११० वर्षांहून जुन्या त्याच गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावरून.