डॉकिंग स्टेशन घेण्यापूर्वी लॅपटॉपचे पोर्ट तपासा

नव्या लॅपटॉपमध्ये पोर्टची संख्या घटल्याने मॉनिटर, कीबोर्ड व नेटवर्क केबल जोडण्यासाठी अडॅप्टर किंवा डॉकिंग स्टेशन घ्यावे लागते. त्याची निवड मात्र लॅपटॉपच्या क्षमतेवरूनच करणे आवश्यक आहे.

‘यूएसबी टाइप-सी’ हे केवळ पोर्टच्या आकाराचे नाव आहे. त्यातून मॉनिटरवर चित्र येण्यासाठी लॅपटॉपमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड’ अथवा थंडरबोल्टची सोय असावी लागते. ती नसल्यास साधा एचडीएमआय अडॅप्टर निरुपयोगी ठरतो. अशा वेळी स्वतंत्र सॉफ्टवेअरवर चालणारे डिस्प्लेलिंक डॉक उपयोगी पडते. मॉनिटरच्या संख्येलाही मर्यादा असते. 2020 मधील एम-1 चिपचा मॅकबुक एअर थेट एकच बाह्य मॉनिटर चालवतो.

4के मॉनिटरसाठी 60 हर्ट्झचा उल्लेख पाहावा. 30 हर्ट्झवर माउसची हालचाल अडखळती भासते.

डॉक काही वीज स्वतःसाठी वापरते. त्यामुळे वेष्टनावरील कमाल वॉटऐवजी लॅपटॉपला प्रत्यक्ष मिळणारे वॉट त्याच्या मूळ चार्जरशी ताडून पाहावेत.

प्रवासात एका मॉनिटरपुरता छोटा अडॅप्टर पुरेसा असतो. कायमच्या टेबलासाठी स्वतंत्र वीजजोडणीचे डॉक अधिक सोयीचे ठरते.