कॉपरमाइन नदी
* कॉपरमाइन : कॅनडाच्या उत्तर टोकाकडे वाहत जाऊन आर्क्टिक समुद्राला मिळणारी नदी. हडसन बे कंपनीचा नोकर सॅम्युअल हर्न जुलै १७७१ मध्ये तिच्या मुखाशी पोहोचला. मूळ लेखकाने इथे 'हर्नने शोधलेली नदी' असे म्हटले आहे, ते तितकेसे खरे नाही. तांब्याच्या या नदीची माहिती आणि कच्चा नकाशा त्या भागातल्या डेने या मूळ रहिवाशांनीच कंपनीच्या ठाण्यावर आधी पोहोचवला होता. हर्नच्या पहिल्या दोन मोहिमा फसल्या. तिसरी तडीस गेली ती मातोनाबी या डेने पुढाऱ्यामुळे. आधीच्या मोहिमांत बायका नव्हत्या म्हणून त्या फसल्या, असे मातोनाबीचे स्पष्ट मत होते. ओझी वाहणे, कातडी शिवणे, तंबू उभारणे ही सगळी कामे त्यांचीच! नदीवर पोहोचताच मातोनाबीच्या माणसांनी झोपेतल्या इन्युइटांची कत्तल केली. हर्न नुसता पाहत राहिला. ती जागा आजही 'ब्लडी फॉल्स' म्हणून ओळखली जाते. तांबे मात्र फारसे हाती लागले नाही. शिवाय हर्नने नदीचे मुख जवळजवळ ७२ अक्षांशावर दाखवले, प्रत्यक्षात ते ६८ च्याही किंचित खाली आहे. चूक साडेचारशे किलोमीटरची, पण हाताशी जुनाट कोनमापक आणि पायाखाली बर्फ हेही ध्यानात घ्यावे. हडसनच्या उपसागरातून पश्चिमेकडे जहाजांना वाट नाही, हे त्याच्या पायपिटीने जवळपास सिद्ध केले आणि नकाशाच्या दृष्टीने तेच मोलाचे. मुखाचे स्थान फ्रँकलिन या ब्रिटिश संशोधकाच्या मोहिमेने १८२१ मध्ये दुरुस्त केले. — संपादक