ट्रायथलॉनमध्ये होडी कुठून आली?

ट्रायथलॉन म्हटलं की तुमच्या डोक्यात काय येतं? पोहणं, सायकल, पळणं. आयर्नमॅनच्या मेडलचे फोटो बघून बघून आपल्या मनात हे तीन खेळ इतके पक्के बसलेत की चौथा काही असू शकतो असं वाटतच नाही. मी राहतो क्राइस्टचर्चला, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर. इथे ऑफिसात कुणी विचारलं, "यंदा करतोयस का?" तर त्यात कयाक धरलेलीच असते. मीही गेल्या उन्हाळ्यात इथली एक छोटी स्पर्धा केली. पळणं, कयाक, सायकल. पोहणं नाहीच. तेव्हापासून डोक्यात किडा होता की हे कुणी ठरवलं?

आधी नेहमीच्या ट्रायथलॉनकडे जाऊ. 25 सप्टेंबर 1974, अमेरिकेत सॅन दिएगोची मिशन बे नावाची खाडी. बुधवारची संध्याकाळ. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन या दोघांनी पळणं, सायकल आणि पोहणं एकत्र करून स्पर्धा भरवली. फी एक डॉलर. शेवटचे लोक पोहत होते तोवर अंधार पडला, मग गाड्यांचे हेडलाइट लावून त्यांना किनारा दाखवला. त्या स्पर्धेत जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला एक माणूसही होता. याच कॉलिन्सने 1978 मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन घेतली. 15 जण सुटले, 12 पोहोचले. पुढे 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकला ट्रायथलॉन आलं आणि दीड किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 पळणं हे जगभर प्रमाण झालं.

म्हणजे बघा, पोहणं आलं कारण ही मंडळी कोमट समुद्राशेजारी राहत होती. दुसरीकडे कुठे सुरुवात झाली असती तर? झालीही होती. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रान्समध्ये तीन खेळांची एक शर्यत झाली होती, त्यात पळणं, सायकल आणि पोहण्याच्या जागी होडी वल्हवणं होतं. पण ती कल्पना तेव्हा टिकली नाही.

ती टिकली ती इकडे, आणि त्याचं कारण इथली नदी आहे. क्राइस्टचर्चच्या उत्तरेला वायमाकारीरी वाहते. माओरी भाषेत याचा अर्थच थंड पाणी. डोंगरातल्या बर्फाचं पाणी, पात्रभर गोट्यांचे बेट, आणि प्रवाह वेणीच्या पेडांसारखे फुटतात, परत मिळतात. आज ज्या जागी गुडघाभर पाणी तिथे पुढच्या पुरानंतर डोह. एकोणिसाव्या शतकात गोरे वसाहतवाले आले तेव्हा घोड्यावरून किंवा पायी नद्या ओलांडताना इतकी माणसं वाहून गेली की बुडून मरण्याला 'न्यूझीलंडचं मरण' असं नावच पडलं. 1840 ते 1870 या काळात इथल्या नद्यांमध्ये हजाराहून जास्त माणसं बुडाली.

माओरी लोकांना या नद्या त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होत्या. पश्चिम किनाऱ्यावर पौनामू नावाचा हिरवा दगड मिळतो. त्याची हत्यारं, दागिने बनायचे. तो आणायला न्गाई ताहू लोक खिंडी ओलांडून जायचे आणि नद्यांवर मोकिही वापरायचे. मोकिही म्हणजे पाणकणसासारख्या हलक्या गवताच्या मोळ्या बांधून केलेला तराफा. तिथेच बांधायचा, काम झालं की सोडून द्यायचा. मला हे फार आवडतं. एकदाच वापरायची होडी, तीही कचरा न करता.

आणि कयाक तरी काय आहे? ती आर्क्टिकमधल्या इनुइट आणि शेजारच्या लोकांची. झाडं नाहीत, म्हणून वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, वर सीलचं कातडं. त्या पाण्यात पोहायचा प्रश्नच नाही, थंडीच माणूस संपवते. म्हणून उलटली तर आत बसल्या बसल्याच वल्ह्याने परत सरळ व्हायचं तंत्र त्यांनी शोधलं. एडी हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने 1927 मध्ये ते जमवलं तेव्हा युरोपात त्याची केवढी चर्चा! इनुइट शिकाऱ्यांसाठी मात्र ती रोजची गरज होती. थोडक्यात, जिथे पोहता येत नाही अशा पाण्यासाठीच ही होडी जन्माला आली.

आता रॉबिन जडकिन्सची गोष्ट. या पठ्ठ्याने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला वानाकाला स्कीइंग, पळणं आणि कयाक अशी शर्यत घेतली. मग 1983 मध्ये कोस्ट टू कोस्ट. पश्चिमेला कुमारा बीचवर टास्मान समुद्राला पाठ करून निघायचं आणि पूर्वेला पॅसिफिकला पोहोचायचं. 243 किलोमीटर. आधी सायकल, मग नदीपात्रातून दगडांवर उड्या मारत गोट पासची खिंड ओलांडत तीसेक किलोमीटर पळणं, मग वायमाकारीरीच्या घळीतून सुमारे 70 किलोमीटर कयाक, शेवटी परत सायकल. मधल्या घळीला रस्ता नाही. पोहून जाणं म्हणजे आत्महत्या. मग होडीशिवाय पर्याय काय? नियम कुणी बसून ठरवले नाहीत, नकाशानेच ठरवले.

पहिल्या वर्षी 79 जण होते आणि शर्यत दोन दिवसांची होती. 1987 पासून सगळं एका दिवसात करायचा प्रकारही सुरू झाला. स्टीव्ह गर्नी ही शर्यत नऊ वेळा जिंकला. हा मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे माझा लाडका. 1997 मध्ये त्याने वारा कापायला सायकलभोवती अख्खं कवच बांधलं. पुढे त्यावर बंदी आली. आपल्या भाषेत सांगायचं तर फीचर रिलीज झालं आणि लगेच पॅच आला. जडकिन्स स्वतः 2013 पर्यंत शर्यत चालवत होता आणि शेवटच्या रेषेवर येईल त्या प्रत्येकाला हात मिळवायचा, बिअरचा कॅन द्यायचा. पहिला असो की रात्री लंगडत येणारा.

माझी स्पर्धा याच्यापुढे चिल्लर. शांत पाणी, सहा किलोमीटर. पण कोस्ट टू कोस्टमध्ये कयाक चालवायची तर प्रमाणपत्र लागतं, ग्रेड दोनच्या वाहत्या पाण्यात होडी सांभाळता येते याचं. ते सध्या घेतोय. पहिल्या दिवशी शिक्षकाने होडी चालवायला शिकवलंच नाही. उलटल्यावर काय करायचं, पाय पुढे करून वाहत कसं जायचं, दुसऱ्याला दोरी कशी टाकायची, एवढंच. 12 जणांचा आमचा गट दिवसभर फक्त बुडत होता.

कोल्हापूरला फोन केला तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "नदीत कशाला जातोस रे, पंचगंगेचा पूर विसरलास काय?" मी म्हटलं, "विसरलो न्हाई आई, म्हणून तर आधी बुडायला शिकतोय." ती गप्प झाली. मग म्हणाली, "जाकीट घालतात न्हवं?" घालतात. त्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभंसुद्धा करत नाहीत.