सुटी पुंगळी ते बंद डबा : मोटारसायकलच्या सायलेन्सरमधील फेरफारांचा इतिहास

मोटारसायकलच्या मूळ सायलेन्सरमध्ये घरच्या घरी किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजात फेरफार करण्याच्या भारतातील प्रथेकडे सहसा तरुणांची हुल्लडबाजी म्हणून पाहिले जाते. परंतु तिची पाळेमुळे सायलेन्सरच्या रचनेत आणि त्या रचनेमुळे वाहनमालकाच्या वाट्याला आलेल्या देखभालीत शोधावी लागतात. साफसफाईसाठी जो भाग वरचेवर बाहेर काढावा लागे, तो परत न बसवताच गाडी चालवणे, हे या फेरफाराचे आरंभीचे रूप होते.

इंजिनाचा उत्सर्जन मार्ग उघडतो तेव्हा जळालेला वायू मोठ्या दाबाने बाहेर फेकला जातो आणि प्रत्येक झोताबरोबर स्फोटासारखा आवाज होतो. हा वायू रुंद पोकळीत पसरू देऊन, छिद्रांच्या नळ्यांतून आणि आडव्या पडद्यांमधून वळवत नेऊन त्याचा जोर कमी करणे, हे सायलेन्सरचे काम होय. अमेरिकेत मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्ये अशा साधनाचे पेटंट घेतले. सायलेन्सरमुळे वायूला अडथळा होऊन शक्ती घटते, ही समजूतही तितकीच जुनी आहे. सुरुवातीच्या अनेक मोटारींना व मोटारसायकलींना वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर सोडणारी 'कट-आउट' नावाची झडप असे. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स या शर्यतीच्या धावपट्टीवर तर १९२० च्या दशकात आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारींमुळे मोठ्या डब्याचे सायलेन्सर सक्तीचे करावे लागले.

भारतात या प्रथेला अनुकूल भूमी मिळाली ती टू-स्ट्रोक इंजिनांमुळे. म्हैसूरला तयार होणाऱ्या जावा व पुढे येझदी, एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत आणि १९८५ मध्ये आलेली ९८ सीसीची यामाहा आरएक्स १०० या सर्व गाड्या याच जातीच्या होत्या. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे न जळालेल्या तेलाची काजळी सायलेन्सरमध्ये साचत जाते, वायूची वाट अरुंद होते आणि गाडी 'ओढत नाही' अशी तक्रार सुरू होते. यावर उपाय म्हणून उत्पादकांनी सायलेन्सरच्या शेपटाकडील छिद्रांची नळी, म्हणजे बॅफल, एक-दोन स्क्रू किंवा नट सोडवून ओढून काढता येईल अशी ठेवली होती. महाराष्ट्रात पुंगळी म्हणून ओळखली जाणारी ही नळी काढून खरवडणे, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवणे किंवा रॉकेल टाकून तिच्यातली काजळी जाळून टाकणे ही कामे गॅरेजवाल्याइतकीच हौशी मालकालाही येत असत. साफ केलेली पुंगळी बाजूला ठेवून गाडी सुरू केली की आवाज लगेच टणत्कारी होई, आणि वाढलेला आवाज म्हणजेच वाढलेली शक्ती असा समज त्यातून पसरत गेला.

हा समज अर्धाच खरा होता. टू-स्ट्रोक गाडीच्या उत्सर्जन नळीचा फुगीर भाग, ज्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात, तो आवाज कमी करण्यापलीकडचे काम करतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात या नळीचा अभ्यास करून तिचा आकार व लांबी अशी बेतली, की परतून येणारी दाबलहर सिलिंडरबाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलेल. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या शर्यती इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकी कंपनीपर्यंत पोहोचले. साहजिकच नळीची लांबी अंदाजाने कापली, की ही लहर अवेळी पोहोचते आणि गाडी कमी वेगात मरगळते. शिवाय अडथळा कमी झाल्यावर कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्र, बदलले नाही तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन अधिक तापू शकते.

१९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० बाजारात आली आणि फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रसार वेगाने झाला. या इंजिनात तेल इंधनाबरोबर जळत नसल्याने काजळी फारशी साचत नाही; म्हणून सायलेन्सर उघडण्याची गरज उरली नाही आणि तो वेल्डिंग करून बंद करणे सोयीचे झाले. धूरविषयक निकष कडक होत गेले, तशी १९९६ मध्ये आरएक्स १०० आणि येझदी या दोन्हींची निर्मिती थांबली. आता फेरफार करायचा तर डबा कापणे, आतले पडदे तोडणे आणि पुन्हा जोडणे भाग होते, त्यामुळे हे काम घराच्या अंगणातून वेल्डिंगच्या दुकानात गेले. बुलेटच्या बाबतीत तिसरीच वाट रुळली. ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ९० मिलिमीटरचा लांब फेरा घेणाऱ्या तिच्या ३५० सीसी इंजिनाचे ठोके मुळातच सुटे व खर्जातले असत; ते आणखी ठळक करण्यासाठी पंजाब, इंदोरी अशा नावांनी विकले जाणारे तयार सायलेन्सर मूळ सायलेन्सरच्या जागी बसवले जाऊ लागले. धावत्या गाडीचे प्रज्वलन क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केले, की न जळालेले मिश्रण तापलेल्या नळीत पेट घेते. 'फटाका' म्हणून ओळखला जाणारा आवाज तो हाच.

कायद्याची दृष्टीही याच काळात बदलली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारे साधन सक्तीचे करतो, आणि २००३ पासून नव्या मोटारसायकलींसाठी इंजिनाच्या आकारानुसार ७५ ते ८० डेसिबलची मर्यादा लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धूरविषयक निकष आल्यावर सायलेन्सर हा केवळ आवाजाचा प्रश्न राहिला नाही. मौल्यवान धातूंचा थर असलेल्या जाळीवर विषारी वायूंचे रूपांतर घडवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंधनाचे प्रमाण ठरवण्यास मदत करणारा ऑक्सिजन संवेदक हे उत्सर्जन मार्गाचे घटक असल्याने त्यात हात घालणे म्हणजे प्रदूषण-नियंत्रणाची यंत्रणाच मोडणे ठरते. त्याआधीच मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली होती. महाराष्ट्रातील शहरांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची दृश्ये याच काळातली आहेत.

पुंगळी काढणे, डबा कापणे आणि अखेर सायलेन्सरच बदलणे या तीन टप्प्यांत मालकाचे यंत्रज्ञान पायरीपायरीने कमी होत गेले. टू-स्ट्रोक गाडीच्या मालकाला निदान पुंगळीचे काम कळत होते, कारण तिची काजळी त्याने स्वतः खरवडलेली असे. तयार सायलेन्सर विकत घेणाऱ्याला मूळ डब्याच्या आत काय आहे हे पाहण्याचे कारणच उरलेले नाही. आवाजाची हौस तीच राहिली, पण ज्या देखभालीतून ती जन्मली होती ती मात्र मागे पडली, आणि म्हणूनच आजचा फेरफार हा कारागिरीपेक्षा खरेदीचा व्यवहार अधिक झाला आहे.