गट क्रमांकाची तारीख होते तेव्हा

एक्सेलच्या चौकटीत जमिनीचा गट क्रमांक १२/१ टाकून एंटर मारला की तिथे १२ जानेवारी उमटते. चौकट आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवली नसेल तर शेतकऱ्याची जमीन कॅलेंडरात जाऊन बसते, आणि मागाहून टेक्स्ट केलं तरी मूळ क्रमांक परत येत नाही; त्या तारखेचा पाच आकडी अनुक्रमांक तेवढा हाती लागतो. शीटमधली ठरलेली कामं आपोआप करणारा मॅक्रो हा आकडाही निमूटपणे पुढे नेतो. मॅक्रो सोडून पायथॉनसारख्या पुऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे लोक का वळले याचं उत्तर ‘वेग वाढला, माहिती वाढली’ असं सहसा दिलं जातं. नाशिकच्या द्राक्षांचा इतिहास पाहिला तर हे उत्तर अपुरं वाटतं. आकड्यांचा जाब तिऱ्हाइताला द्यायची वेळ येते तेव्हा शीट तोकडी पडते, असं माझं म्हणणं आहे.

मॅक्रोला नावं ठेवणं सोपं आहे. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रो म्हणजे दाबायच्या कळांची यादी, तीही शीटच्याच चौकटींत लिहिलेली. १९९३च्या एक्सेल ५ मध्ये व्हीबीए ही प्रोग्रॅमिंग भाषा आली आणि कारकुनाच्या हाती खरीखुरी भाषा पडली. महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल ही संगणक शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावापर्यंत एक्सेल पोहोचलं. रेकॉर्डर चालू करायचा, काम एकदा हाताने करायचं, मग बटण. पण या भाषेला मराठी येत नव्हती. व्हीबीएच्या संपादकात ‘नाशिक’ टंकलं की प्रश्नचिन्हं उमटतात. तो शब्द २३४४, २३६६, २३५८, २३६७, २३२५ अशा सांकेतिक अंकांनी जोडावा लागतो. सहा महिन्यांनी ते अंक वाचून हा कुठला जिल्हा, हे लिहिणाराही सांगू शकणार नाही. २००८च्या पायथॉन ३ मध्ये मात्र चलाचं नावच ‘कांदा’ ठेवता येतं.

तरी नियम वाचता येणं आणि तो एकाच जागी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची किंमत द्राक्षांनी शिकवली. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. त्यानंतर उर्वरित अंश तपासणीची पद्धत बसवली गेली आणि २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने ‘ग्रेपनेट’ ही द्राक्षांचा बागेपासून माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली. ग्रेपनेट हे कुठल्या शीटचं वाढवलेलं रूप नव्हे. पण शीटमध्ये एकाच माणसाच्या हाती असणारी कामं इथे कशी वाटली गेली ते पाहण्यासारखं आहे. बागेची नोंदणी कृषी खात्याकडे, नमुन्याचा निकाल प्रयोगशाळेकडे, पेट्यांची नोंद पॅकहाउसकडे. आणि नमुना नापास झाला तर पुढचं प्रमाणपत्र निघत नाही. निर्यातदाराने मनात आणलं तरी प्रयोगशाळेचा आकडा त्याला खोडता येत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मग २०१० साली काय झालं? खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी बागायतदार जे ‘सीसीसी’ फवारत, त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात सापडले, माल अडकला आणि नाशिकच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. ग्रेपनेट असून हे घडलं, कारण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं. आक्षेप खरा आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही ते प्रोग्रॅमलाही सुचत नाही. पण चूक कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता आलं. यादी एकच होती, तिच्यात नाव वाढवलं आणि तो नियम सगळ्या प्रयोगशाळांना लागू झाला. शीटमध्ये याच्या उलट होतं: २०२० साली इंग्लंडमध्ये करोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांच्या नोंदी जुन्या एक्सेल फाइलच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेमुळे पुढे गेल्याच नाहीत. तिथे फाइल भरली हे दुखणं लहान होतं. भरल्याचं कुणाला वेळेत कळलं नाही, हे मोठं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लासलगावच्या एखाद्या अडत्याला हे सगळं कशाला? काटापट्टीवरून शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी काढायला मॅक्रो पुरतो. पुरतोच, आणि उगाच पायथॉन शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातींना त्याने भुलू नये. हिशेब दुकानातच राहतो तोवर तो लिहिणारा आणि तपासणारा समोरासमोर बसलेले असतात. माझा मुद्दा धंद्याच्या आकाराचा नाहीच. दोन एकरांच्या बागेचा आकडा रॉटरडॅमला वाचला जाणार असेल, तर त्यामागचा नियमही तिथवर दाखवता आला पाहिजे.

म्हणूनच २०२३ साली मायक्रोसॉफ्टने पायथॉन थेट एक्सेलच्या चौकटीत आणण्याची घोषणा केली तिचं कौतुक मला बेतानेच वाटतं. भाषा पुरी मिळाली, पण ती पुन्हा शीटच्या पोटात गेली. ती फाइल मेलवरून पॅकहाउसच्या चार संगणकांवर गेली आणि प्रत्येकाने आपल्या प्रतीत एखादी ओळ बदलली, तर कुठल्या नियमाने माल पास झाला हे विचारायला पुन्हा चार माणसांना फोन करावे लागतील.