मेंदीच्या रात्रीचे फोटो

ज्यू लग्न म्हटलं की चित्रपटांत पाहिलेलं ठरावीक दृश्य डोळ्यांसमोर येतं. मांडवाच्या छताखाली वधूवर, नवऱ्याच्या पायाखाली फुटणारा काचेचा पेला, आणि मग दोघांना खुर्च्यांवर बसवून उचलून घेतलेला जल्लोषाचा नाच. फोटोग्राफरही त्याच हिशेबाने येतो, विधीपासून नाचापर्यंत. पण कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींच्या लग्नाला तो असा आला, तर एक दिवस उशिरा आला असं समजावं.

हे लोक अलिबाग, पेण, रेवदंडा भागात शतकानुशतकं राहिलेले, घरात मराठी बोलणारे. तेलाच्या घाण्यांवर पोट, आणि शनिवारी घाणी बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. दिवेकर, किहीमकर, अष्टमकर ही आडनावं गावांवरून आलेली. यांच्याकडे आदल्या दिवशी हळद आणि मेंदी. नवरी हिरव्या साडीत, हातात हिरवा चुडा. नवऱ्याच्या तर्जनीलाही मेंदी लावतात. बायका मराठी गाणी म्हणतात. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा मांडून एलियाहू हन्नबीचं स्मरण होतं. अल्बममधली ही पानं झाकून नावं वाचली नाहीत, तर हे कोणाचं लग्न, सांगता येणार नाही.

आपल्याला गोव्यात हे वाचताना दुसरंच काही आठवावं. इथल्या इन्क्विझिशनने (1560 ते 1812) सुरुवातीला ज्यू मुळाच्या ख्रिस्त्यांना लक्ष्य केलं. गार्सिया द ओर्ताची हाडंसुद्धा 1580 मध्ये उकरून जाळली. पुढे 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या गोंयकारांना लग्नातली हळद, ओव्या, वाद्यं मना केली. म्हणजे मांडवीकाठी ज्यासाठी शिक्षा, तेच उत्तरेकडे कोकणात ज्यू आजीबाई बिनधास्त करत होत्या! (नारळाच्या रसाचा विधी गोव्याच्या ख्रिस्ती घरांत तरीही टिकला, ते आपण जाणतोच.)

दुसऱ्या दिवशी सिनेगॉग. बेने इस्रायली त्याला 'मशीद' म्हणतात. मुंबईतली सर्वांत जुनी, 1796 ची, म्हणून 'जुनी मशीद'. नवरी दारातून आत येते तेव्हा नवरा स्वतः तिच्यासाठी हिब्रू गीत गातो. माझ्या मते संपूर्ण लग्नातला हाच सर्वांत देखणा क्षण, आणि फोटोत तो कधीच नीट येत नाही. आवाज कसा टिपणार? नवरा तोंड उघडून उभा दिसतो, एवढंच. त्यानंतर द्राक्षारस, अंगठी, केतुबा म्हणजे लग्नाचा करार वाचून दाखवणं. पेला फुटतो तो क्षण फोटोग्राफरला पुन्हा मिळत नाही. आनंदाच्या ऐन घडीला जेरुसलेमच्या, इसवी सन 70 मध्ये उद्ध्वस्त झालेल्या मंदिराची आठवण काढायची, अशी ही रीत.

1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, आणि तिथे लग्नच अडलं. 1961 मध्ये तिथल्या धर्मपीठाने ठरवलं की बेने इस्रायली माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं, तर आधी त्याचे पूर्वज तपासायचे. ज्यांनी कोकणात शनिवार पाळला, त्यांना ज्यूपणाचा पुरावा मागितला! जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, आणि 1964 मध्ये संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानल्यावर ते फर्मान मागे घेतलं गेलं. अशा वेळी मेंदीचे आणि चुड्याचे फोटो लपवून ठेवण्याची इच्छा झाली असती, तर नवल नव्हतं.

लपवले मात्र नाहीत. आज लोद, अश्दोद, दिमोना इथल्या बेने इस्रायली घरांत लग्नाआधी मेंदीची रात्र असते. हिरव्या साड्या निघतात, मराठी आणि हिंदी गाणी लागतात. नाच तिथूनच सुरू होतो, लग्नाच्या कितीतरी आधी.